जॉइस हॅटो : एका पियानोवादिकेची कारकीर्द आणि समीक्षेची जबाबदारी

१. प्रास्ताविक

कलावंताची कारकीर्द दोन ठिकाणी घडत असते. एक, त्याच्या प्रत्यक्ष कलाव्यवहारात. आणि दुसरी, त्या व्यवहाराविषयी समीक्षक जे लिहितात त्या लेखनात. सामान्यतः दुसरी कारकीर्द पहिलीच्या मागून येते. कधी ती पहिलीला न्याय देते, कधी तिच्यावर अन्याय करते. पण पहिलीचे अस्तित्व ती गृहीत धरून चालते. ब्रिटिश पियानोवादिका जॉइस हॅटो (१९२८–२००६) यांच्या बाबतीत मात्र विलक्षण प्रकार घडला. त्यांची पहिली कारकीर्द १९७६ मध्ये संपली. त्यानंतर पाव शतकाने दुसरी उभी राहिली व इंग्लंड-अमेरिकेत गाजली. या दुसऱ्या कारकिर्दीमागील वादन इतरांचे होते, हे फेब्रुवारी २००७ मध्ये उघड झाले.

या प्रकरणाची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. पहिल्या अंगाने ती फसवणुकीची सुरस कथा ठरते. व्हिक्टोरिया वुड यांनी लिहिलेला ‘लव्हिंग मिस हॅटो’ हा बीबीसीचा २०१२ मधील दूरचित्रपट या कथेवरच आधारलेला आहे. दुसऱ्या अंगाने ती समीक्षकांच्या फजितीची कथा ठरते आणि तिच्यातून एक व्यापक निष्कर्ष काढला जातो : नाव बदलले की मत बदलते; तेव्हा कलासमीक्षा हा पूर्वग्रहांचाच खेळ होय. हा निष्कर्ष खरा मानला, तर साहित्याचे वा कोणत्याही कलेचे मूल्यमापन शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कामाचा पायाच डळमळीत होतो. म्हणून त्याची तपासणी करणे आवश्यक वाटते. हॅटो प्रकरणात समीक्षकांचा कान बव्हंशी चुकला नव्हता. ढिली पडली होती ती पुराव्याची शिस्त. या ढिलाईची झळ इतर पियानोवादकांना आणि खुद्द हॅटो यांच्या खऱ्या कारकिर्दीला बसली, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२. खरी कारकीर्द

जॉइस हॅटो यांचा जन्म लंडनमध्ये झाला. १९५० नंतरच्या दशकात त्या लंडनच्या सभागृहांतून वादन करू लागल्या. १९५६ मध्ये त्यांचा विवाह ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय करणारे विल्यम बॅरिंग्टन-कूप यांच्याशी झाला. या काळातील त्यांचे वादन समीक्षकांनी दखल घ्यावी इतपत होते. मात्र त्यांना पहिल्या फळीत बसविण्यास कोणी तयार नव्हते. १९५३ मध्ये ‘द टाइम्स’ने मोझार्टच्या डी मायनर कन्चेर्तोमधील त्यांच्या वादनाविषयी जे लिहिले त्याचा आशय असा की, अति जलद लयीशी त्या नेटाने झुंजत राहिल्या आणि त्यामुळे रचनेचा भाव पुरेसा व्यक्त होऊ शकला नाही. हा अभिप्राय कठोर आहे, तरी त्यात वादनातील एका निश्चित गोष्टीकडे बोट दाखविलेले आहे. पुढे येणाऱ्या स्तुतीशी तुलना करताना हे वैशिष्ट्य लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्या काळी त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची १९७० मधील होय. आर्नल्ड बॅक्स या इंग्रज संगीतकाराची ‘सिम्फनिक व्हेरिएशन्स’ ही पियानो व वाद्यवृंदासाठीची प्रदीर्घ रचना तोवर कोणीही ध्वनिमुद्रित केलेली नव्हती. व्हर्नन हँडली यांच्या संचालनाखाली गिल्डफर्ड फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह हॅटो यांनी ती प्रथम ध्वनिमुद्रित केली. उपेक्षित रचना अभ्यासून ती श्रोत्यांपुढे आणणे, तीही फार मोठ्या लौकिकाची अपेक्षा नसताना, हे कलावंताचे खरेखुरे कार्य आहे. त्यांनी मुलींच्या एका निवासी शाळेत पियानोचे अध्यापनही केले. १९७६ नंतर त्यांनी जाहीर कार्यक्रम थांबविले.

एकूण पाहता ही एका कष्टाळू, व्यावसायिक आणि मध्यम प्रतीचे यश लाभलेल्या वादिकेची कारकीर्द आहे. संगीताचे जग अशाच कलावंतांच्या बळावर चालत असते. समीक्षेच्या इतिहासात मात्र त्यांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते.

३. दुसरी कारकीर्द आणि तिचे स्वागत

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी बॅरिंग्टन-कूप यांच्या ‘कॉन्सर्ट आर्टिस्ट’ या संस्थेतर्फे हॅटो यांच्या नावाने सीडी बाहेर पडू लागल्या. पाहता पाहता त्यांची संख्या शंभरावर गेली. मोझार्ट, बीथोव्हेन व प्रोकोफिएव्ह यांचे समग्र सोनाटे, शोपँचे मझुर्का, लिस्टचे ‘ट्रान्सेंडेंटल’ अभ्यास, शोपँच्या अभ्यासांवर गोडोव्स्कीने रचलेली अत्यंत अवघड रूपांतरे, मेस्सियाँचे दीर्घ चिंतनपर वादन, ब्राम्स व राखमानिनोव्ह यांचे कन्चेर्तो अशी ही यादी होती. एवढा विस्तार फार थोड्या पियानोवादकांच्या आवाक्यात येतो. इथे तो सत्तरी ओलांडलेल्या, दीर्घकाळ कर्करोगाशी झुंजणाऱ्या आणि जाहीर जीवनातून निवृत्त झालेल्या एका स्त्रीच्या नावावर जमा होत होता.

प्रारंभी इंटरनेटवरील संगीतप्रेमींच्या चर्चांतून हे नाव पसरले. मग ते छापील समीक्षेत आले. ऑगस्ट २००५ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’चे समीक्षक रिचर्ड डायर यांनी, फारसे कोणी न ऐकलेल्या हयात पियानोवादकांतील त्या सर्वश्रेष्ठ होत, अशा आशयाचा गौरव केला. लंडनच्या ‘ग्रामोफोन’ या प्रतिष्ठित मासिकानेही त्यांना मानाचे स्थान दिले. जून २००६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ‘गार्डियन’च्या मृत्युलेखात ब्रिटनने घडविलेल्या थोर पियानोवादकांत त्यांची गणना झाली.

या स्तुतीचे स्वरूप तपासले असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. तिच्यात वादनाचे वर्णन आणि चरित्राचे वर्णन एकमेकांत मिसळून गेलेले आहे. आजार, एकांत, पतीची निष्ठा, प्रसिद्धीने केलेली दीर्घ उपेक्षा आणि अखेरच्या वर्षांतील प्रतिभेचा बहर हे कथानक ऐकणाऱ्याच्या मनात आधीच तयार होते. वादन त्या कथानकाचा पुरावा ठरत होते आणि कथानक वादनाची थोरवी वाढवीत होते. दोन्ही एकमेकांच्या आधाराने उभी होती. बाहेरचा तिसरा आधार कोणी मागितला नाही.

असा आधार मागावयास जागा होती. कन्चेर्तोंच्या सीडींवर वाद्यवृंद संचालक म्हणून रेने कोहलर असे नाव होते. त्यांचे करुण चरित्रही पुरविण्यात आले होते. पण या नावाच्या संचालकाचा संगीतविश्वात अन्यत्र मागमूस नव्हता. ज्या वाद्यवृंदाचे नाव छापले होते, त्याचे जाहीर कार्यक्रम कोणी ऐकलेले नव्हते. काही श्रोत्यांनी इंटरनेटवर शंका उपस्थित केल्या. तेव्हा २००६ मध्ये ‘ग्रामोफोन’च्या पानांवरून शंकेखोरांनाच आव्हान देण्यात आले की, न्यायालयात टिकेल असा पुरावा असेल तर तो पुढे आणा. म्हणजे पुराव्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरून शंका घेणाऱ्यावर ढकलली गेली. संशोधनाच्या कोणत्याही शाखेत ही रीत अमान्य ठरेल.

४. उलगडा

उलगडा झाला तो कोणाच्या तीक्ष्ण कानामुळे नव्हे. २००७ च्या प्रारंभी न्यूयॉर्क परिसरातील एका श्रोत्याने हॅटो यांची लिस्टच्या अभ्यासांची सीडी संगणकात घातली. संगणकाने ती लाझ्लो सिमॉन या पियानोवादकाची म्हणून ओळखली. ही ओळख पटविणारी यंत्रणा संगीत ऐकत नाही. सीडीवर किती भाग आहेत आणि प्रत्येक भाग किती लांबीचा आहे, एवढ्या आकड्यांवरून ती आपल्या नोंदींत जुळणी शोधते. त्या श्रोत्याने ही बाब समीक्षक जेड डिस्टलर यांना कळविली. त्यांनी दोन्ही सीडी शेजारी ठेवून ऐकल्या आणि बहुतेक भाग एकच असल्याचे त्यांना आढळले. ‘ग्रामोफोन’ने ध्वनितज्ज्ञ अँड्र्यू रोज यांच्याकडून ध्वनिलहरींची तपासणी करवून घेतली आणि फेब्रुवारी २००७ मध्ये वृत्त प्रसिद्ध केले. ज्या मासिकाने पुरावा मागितला होता त्यानेच तो जगापुढे ठेवला, ही गोष्ट त्याच्या श्रेयात नोंदविली पाहिजे.

त्यानंतर एकेक नाव पुढे येत गेले. राखमानिनोव्हचा तिसरा कन्चेर्तो येफिम ब्रॉन्फमन यांचा, ब्राम्सचा दुसरा व्लादिमीर अश्केनाझी यांचा, मेस्सियाँ पॉल किम यांचे निघाले. गोडोव्स्कीच्या रूपांतरांत कार्लो ग्रांटे यांचे वादन होते. त्यातील एका भागाचा कालावधी पंधरा टक्क्यांहून थोडा अधिक बदलून ते झाकण्यात आले होते.

याच सुमारास लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील निकोलस कुक व क्रेग सॅप हे संशोधक वेगळ्याच वाटेने त्याच निष्कर्षाला पोहोचले होते. शोपँच्या मझुर्कांच्या अनेक ध्वनिमुद्रणांत प्रत्येक मात्रेचा कालावधी मोजून ते लयीचे आलेख तयार करीत होते. दोन वादकांची लय कधीही तंतोतंत सारखी नसते. इतकेच काय, एकच वादक तीच रचना पुन्हा वाजवितो तेव्हाही आलेख बदलतो. हॅटो आणि यूजेन इंजिच यांचे आलेख मात्र जवळजवळ एकमेकांवर बसत होते.

फेब्रुवारीअखेर बॅरिंग्टन-कूप यांनी ‘बिस’ या स्वीडिश संस्थेचे प्रमुख रॉबर्ट फॉन बार यांना पत्र लिहून कबुली दिली. वादन करताना पत्नीच्या तोंडून वेदनेचे उद्गार निघत व ते ध्वनिमुद्रणात येत. ते झाकण्यासाठी प्रथम इतरांच्या वादनाचे लहान तुकडे वापरले व पुढे ते वाढत गेले, असा त्यांचा खुलासा होता. पत्नीला याची कल्पना नव्हती, असेही त्यांनी सांगितले. दुसरीकडे, हॅटो यांनी या ध्वनिमुद्रिकांविषयी मुलाखती दिल्या होत्या, हेही नोंदींत आहे. फॉन बार यांनी खटला भरला नाही. बॅरिंग्टन-कूप यांचे २०१४ मध्ये निधन झाले. त्या घरात कोणाला काय ठाऊक होते हा समीक्षेचा विषय नाही. सार्वजनिक पानांवर काय घडले हा आहे.

५. समीक्षा नेमकी कोठे चुकली?

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सिमॉन, इंजिच, ग्रांटे, किम, ब्रॉन्फमन व अश्केनाझी ही सर्व समर्थ पियानोवादकांची नावे आहेत. त्यांचे वादन ऐकून ते उत्तम आहे असे ज्यांना वाटले, त्यांचा कान वादनाबाबत फसला नव्हता. ‘समीक्षकांना काहीच कळत नाही’ हे मत या पुराव्यावरून सिद्ध होत नाही. हलके वादन थोर म्हणून खपविले गेले असते तर गोष्ट वेगळी होती.

तथापि कानाला सर्वस्वी दोषमुक्त करणेही शक्य नाही. ब्रॉन्फमन यांच्या मूळ ध्वनिमुद्रणात राखमानिनोव्हला साजेशी तगमग कमी आहे, असा थंड अभिप्राय ‘ग्रामोफोन’मध्ये आला होता. तेच वादन हॅटो यांच्या नावाने आले तेव्हा त्याच मासिकाला ते श्रेष्ठ ध्वनिमुद्रणांपैकी एक वाटले. स्वर तेच होते, नाव आणि चरित्र बदलले होते. वेदनेची कथा ठाऊक असलेल्या श्रोत्याला वादनात वेदना ऐकू आली. येथे नावाने कानाला दिशा दिली हे नाकारता येत नाही.

यापेक्षाही गंभीर चूक शैलीविचाराची आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचना लिखित असते. शेकडो वादक तीच रचना वाजवितात. त्यामुळे वादकाचे स्वत्व स्पर्श, लयीची लवचीकता, पेडलचा उपयोग, वाक्यांशाची बांधणी यांतूनच प्रकट होते. शंभर सीडी एकाच व्यक्तीच्या असतील तर मोझार्टपासून मेस्सियाँपर्यंत या हस्ताक्षराच्या काही खुणा टिकून राहावयास हव्यात. हॅटो यांच्या सीडींत प्रत्येक वेळी हस्ताक्षर बदलत होते, कारण हातच बदलत होते. समीक्षकांना हा फरक जाणवला होता. मात्र तो त्यांनी गुण म्हणून नोंदविला. ही वादिका स्वतःला पुसून टाकून प्रत्येक संगीतकाराच्या शैलीत विलीन होते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. आपण संगीताचे केवळ वाहक आहोत, त्यातील काहीच आपल्या मालकीचे नाही, अशा आशयाचे विधान खुद्द हॅटो यांनी डायर यांच्याशी बोलताना केले होते. पुढे जे उघड झाले त्याच्या प्रकाशात ते विधान भलताच अर्थ धारण करते.

विसंगती आढळणे हा समीक्षेतील मोलाचा क्षण असतो, कारण तेथे गृहीतक तपासण्याची संधी मिळते. या प्रकरणात विसंगती आढळली; पण गृहीतक वाचविण्यासाठी तिलाच सौंदर्यमूल्य बहाल करण्यात आले. निरीक्षण अचूक होते, अनुमान सदोष होते. साहित्याच्या समीक्षेतही हा दोष आपल्या परिचयाचा आहे. मान्यवर लेखकाच्या कृतीतील दुर्बोधता ‘अर्थगर्भ’ ठरते आणि नवोदिताची तीच दुर्बोधता ‘अपरिपक्व’ ठरते, तेव्हा याच रीतीने अनुमान केलेले असते.

६. नावाचे काय करावे?

यावर एक सोपा उपाय सुचतो : नाव झाकून टाकावे व केवळ कृतीकडे पाहावे. १९४६ मध्ये विम्सॅट व बीर्डस्ली यांनी लेखकाच्या हेतूला मूल्यमापनाबाहेर ठेवले. १९६७ मध्ये रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. या विचारांवर वाढलेल्या अभ्यासकाला म्हणावेसे वाटेल की, इंजिच वाजवोत की हॅटो, मझुर्का सुंदर आहे एवढे पुरे.

परंतु नाव काढून टाकल्याने निर्णय आपोआप शुद्ध होत नाही, याचा प्रत्यय आय. ए. रिचर्ड्स यांनी फार पूर्वीच दिला होता. केंब्रिजमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव व काळ न सांगता कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय गोळा केले. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात दिसते की, नावाचा आधार सुटताच सुशिक्षित वाचकही विलक्षण गोंधळले. रिचर्ड्स यांनी नाव काढून घेतले आणि निर्णय डळमळला. हॅटो प्रकरणात खोटे नाव जोडले गेले आणि निर्णय फुगला. दोन्ही प्रयोग एकत्र ठेवले तर असे म्हणता येईल की, नाव हे निर्णयाचे प्रमाण होऊ शकत नाही. तरीही ते आकलनाचे एक साधन आहे. साधन वापरावयाचे तर ते खरे आहे याची खात्री करून घेणे भाग आहे.

नाव आवश्यक असण्याचे दुसरे कारण तत्त्वचिंतक डेनिस डटन यांच्या मांडणीत सापडते. बनावट कलेविषयी त्यांनी आधीच लेखन केले होते आणि २००७ मध्ये हॅटो प्रकरणावरही लिहिले. त्यांच्या मते कलाकृती ही कोणा माणसाने विशिष्ट परिस्थितीत केलेली कृती असते. कोणी काय साध्य केले याची खोटी माहिती मिळाली तर आपण कृतीच चुकीची समजतो. हा विचार पटण्यासारखा आहे. सत्तरीतील आजारी स्त्रीने गोडोव्स्की वाजविणे आणि ऐन उमेदीतील निष्णात वादकाने तो वाजविणे या दोन भिन्न सिद्धी आहेत. मात्र येथे आणखी एक पायरी पुढे जावे लागते, कारण खोट्या माहितीने श्रोता फसतो त्याच क्षणी दुसऱ्या कोणाचे तरी श्रेय हिरावले जाते.

चित्रकलेतील प्रसिद्ध उदाहरणाशी तुलना केली असता हे स्पष्ट होईल. हान फान मेखेरेन याने स्वतः काढलेली चित्रे व्हर्मीरची म्हणून विकली आणि १९३७ मध्ये अब्राहम ब्रेडियस यांच्यासारख्या तज्ज्ञाने त्यांतील एकाची व्हर्मीरची श्रेष्ठ कृती म्हणून प्रशंसा केली. फान मेखेरेनने स्वतःच्या कामावर दुसऱ्याचे नाव घातले होते. हॅटो प्रकरणात दुसऱ्यांच्या कामावर स्वतःचे नाव घातले गेले. पहिला प्रकार बनावटीचा, दुसरा वाङ्मयचौर्याच्या जातीचा. त्यातही निवड बहुतांशी अशा वादकांची झाली, ज्यांची ध्वनिमुद्रणे उत्तम असूनही फार कानांपर्यंत पोहोचली नव्हती. त्यांची तुलनेने कमी प्रसिद्धी हीच चोरीची सोय ठरली.

येथे समीक्षेचा वाटा पुढे येतो. सिमॉन यांचा लिस्ट, इंजिच यांचे मझुर्का, किम यांचा मेस्सियाँ बाजारात होतेच. त्यांच्या स्वतःच्या नावाने या वादनाला जो जयजयकार लाभला नाही तो उसन्या नावाने लाभला, कारण त्या नावाला एक हृदयद्रावक कथा जोडलेली होती. समीक्षेने चांगले वादन ओळखले. पण ते शोधून काढले नाही. कथेने हाताशी आणून दिले तेव्हाच तिचे लक्ष तिकडे गेले.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. एक, हॅटो प्रकरणाने कलामूल्यमापन अशक्य ठरत नाही. चरित्र आणि कृती यांनी परस्परांना प्रमाण मानण्याची पद्धत मात्र सदोष ठरते. दोन, विसंगती जाणवली असता तिला त्वरित गुणात रूपांतरित न करता गृहीतकाची फेरतपासणी करणे, ही समीक्षकाची पद्धतिशास्त्रीय जबाबदारी आहे. तीन, श्रेयनिश्चिती हा समीक्षेचा दुय्यम वा कारकुनी भाग नव्हे. निर्णयाच्या न्याय्यतेचा तो पाया आहे.

आज संगणकाच्या साहाय्याने निर्मिलेले संगीत व लेखन काल्पनिक नावांनी प्रसृत होऊ लागले आहे. आकडे जुळवून चोरी पकडणारी यंत्रणाही आपल्या हाताशी आहे. प्रबंध व शोधनिबंध तपासताना आपण तिचा उपयोग करतो. परंतु यंत्र जुळणी दाखविते, श्रेय कोणाचे आणि किती हे ठरवीत नाही. सिमॉन यांचे नाव संगणकाने दाखविले, तरी दोन्ही सीडी शेजारी ठेवून ऐकण्याचे काम माणसालाच करावे लागले.

शेवटी खुद्द जॉइस हॅटो यांच्याकडे वळले पाहिजे. २००७ नंतर त्यांचे नाव फसवणुकीचा पर्याय बनले आणि त्या ओझ्याखाली त्यांचे खरे वादन गाडले गेले. शंभरावर सीडींच्या त्या ढिगाऱ्याआधी १९७० ची बॅक्सच्या रचनेची ध्वनिमुद्रिका आहे. तिच्यावरील वाद्यवृंद खरा आहे, संचालक खरा आहे आणि पियानोवरचे हात हॅटो यांचेच आहेत. ती थोर आहे की सामान्य, हे ऐकून ठरवावे. पण एका उपेक्षित रचनेला प्रथम ध्वनिरूप देण्याचे श्रेय त्यांचे आहे. इंजिच व सिमॉन यांना त्यांचे श्रेय परत करताना हे श्रेयही हॅटो यांच्या नावावर नोंदविणे, हा त्याच न्यायाचा भाग होय.